वळिवड्यानंतरची गोष्ट

आमच्या आजीच्या हिशेबात सनांना जागा नव्हती. थोरल्या आत्याचा जन्म "पोलंडवाले आले त्याच्या आदल्या पावसाळ्यात"ला. आबांनी पहिली सायकल घेतली ती "पोलंडवाले असताना". आणि गोठ्यातली पांढरी गाय गेली ती "पोलंडवाले गेले आन् शिंदी आले, त्या मधल्या दिसांत". लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांतल्या आज्या काळ असाच मोजत असतील. पुढं पुण्याला शिकायला गेल्यावर मैत्रिणींना हे सांगितलं, तर कोल्हापूरच्या शेजारी पोलंड कुठून आलं हेच त्यांना कळेना. मग मांडी घालून पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं, आजी सांगायची तसंच.

१९४३ साली कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठी, वळिवडे इथं पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. कर्ते पुरुष कुठं लढाईवर होते, कुठं बेपत्ता होते, कित्येक तर वाटेतच संपले होते. लांबच लांब बराकी, प्रत्येक कुटुंबाला त्यात जागा, मुलांना शाळा, दवाखाना, नाटकाची सोय, दुकानं आणि एक चर्च. आमचं गाव तिथून जवळ. आबा सायकलला किटल्या अडकवून दूध घालायला जायचे आणि आजी डोक्यावर बुट्टी घेऊन माळवं विकायला. वांगी-दोडक्याकडं त्या बायका संशयानं बघायच्या, पण बटाटा, कोबी आणि कांदा म्हटलं की बुट्टी रिकामी. अंडी तर गावात शिल्लक राहायची नाहीत.

"बया, काय ती गोरी मानसं!" आजी सांगायची. "पर सायबागत न्हवं हं. सायब बगायचा त्यो तुज्या डोक्यावरनं पल्याड बगायचा. ह्या बाया डोळ्यात बगून बोलायच्या. आन् हिशेबाला आपल्यापरीस चोख."

त्या बायकांतली एक म्हातारी आजीची खास. तिचं नाव आजीला कधीच म्हणता आलं नाही. ती 'माळवाली' होती, कारण तिच्या हातात नाही तर एप्रनच्या खिशात कायम जपमाळ असायची. कोबी निवडता निवडता एका हातानं मणी सरकत राहायचे. आजी पंढरीची माळकरीण. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या बाईला हातातली माळ समजायला भाषा कशाला लागते? दोघी बराकीच्या पायरीवर बसायच्या, एक मराठीत बोलायची, एक पोलिशमध्ये, आणि आजीच्या म्हणण्यानुसार दोघींना सगळं कळायचं. आबा मात्र हळूच सांगायचे की कळायचं त्यातलं निम्मं. मला दोघांचंही खरं वाटतं.

चर्चची घंटा वाजली की छावणीतल्या बायका हातातलं काम तसंच ठेवून उभ्या राहायच्या, ओठ हलायचे, मग पुन्हा काम. "अंगावर धड कपडा नसंल," आजी म्हणायची, "पर डोईला रुमाल बांदल्याबिगार द्येवळात पाय न्हाई. आन् पोरं? येवढी येवढीशी पोरं, पर प्रार्थनेला रांगंनं. मी बगतच ऱ्हायलो." आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. ते वाचताना बाहेरच्यांना अडखळायला होईल, पण आजीचं बोलणं मला दुसऱ्या रीतीनं लिहिता येत नाही.

एकदा माळवालीनं आजीला सणाला बोलावलं. जेवणाच्या फळीवर पांढरं कापड, कापडाखाली थोडं वाळलेलं गवत. मैद्याच्या पारीत बटाटा आणि कांदा भरून उकडलेल्या करंज्या, बिनतिखटाच्या. बिटाचं लाल कालवण. टोपलीत रंगवलेली अंडी. यात आजीनं दोन सण एकात कालवले असावेत, असं मला पुढं कळलं. गवत नाताळच्या आदल्या रात्रीचं, येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणून. आणि रंगीत अंड्यांची टोपली ईस्टरची, ती आदल्या दिवशी चर्चमध्ये नेऊन पाद्रीबाबांकडून आशीर्वाद घेऊन आणायची. पण आजीच्या आठवणीत ती एकच संध्याकाळ होती आणि ती मोडायची मला कधी गरज वाटली नाही. माळवालीनं एक पातळ, पांढरी, बिनमिठाची पोळी मोडून तिचा तुकडा आजीच्या हातावर ठेवला. हे पोलिश घरांतलं नाताळचं व्रतच आहे. घरातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातला तुकडा मोडतो आणि त्याला भलं चिंततो. आजीनं पदराच्या गाठीतला गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. फिट्टंफाट!

त्या फळीवर एक ताट रिकामं मांडलेलं होतं. हे कुणाचं, असं आजीनं खुणेनं विचारलं. माळवालीनं दाराकडं हात केला, मग वर केला. पोलंडमध्ये त्या रात्री न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट ठेवतात, आणि ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठीही. आजीनं त्याचा अर्थ पितरांचं पान असा घेतला. तोही काही चूक नव्हता.

आणि भिंतीवर तसबीर होती. "काळ्या तोंडाची द्येवी, कडंवर ल्येकरू. गालावर दोन वार." चेन्स्तोखोवाच्या यास्ना गुरा मठातली ही पवित्र मारियेची प्रतिमा. पोलंडमध्ये तिच्याशिवाय घर सापडायचं नाही. गालावरचे वार पंधराव्या शतकातल्या एका हल्ल्यातले, असं मानतात. आजीला एवढंच ठाऊक होतं की देवी काळी आहे आणि जखमी आहे. "आपली अंबाबाईबी काळीच की गं," एवढं बोलून तिनं नमस्कार केला होता.

ही माणसं आली कुठून? आजी सांगायची, "बर्फातनं." तिचं खरं होतं. १९३९ साली जर्मनीनं पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियानं पूर्वेकडून पोलंड वाटून घेतलं. १९४० च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, पूर्व भागातल्या लोकांना घरांतून उठवून मालगाड्यांत भरलं आणि सैबेरिया, कझाकस्तान, अर्खान्गेल्स्क अशा दूरच्या प्रदेशांत नेऊन टाकलं. तिथं लाकूडतोड, शेतमजुरी, उपासमार. या मुलांनी मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. शाळेत त्यांना सांगत, देवाकडं भाकरी मागा. मुलं मागत, भाकरी येत नसे. मग सांगत, आता स्टालिनकडं मागा. आणि खाऊ मिळे. रात्री आई मुलांना जवळ घेऊन, दबक्या आवाजात, पुन्हा पहिल्याच देवाकडं भाकरी मागायला लावी.

१९४१ च्या जुलैमध्ये पोलंडचा सोव्हिएतांशी करार झाला आणि ही माणसं सुटली. जनरल आन्देर्स यांच्या पोलिश सैन्याच्या आधारानं, १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून ती इराणात पोहोचली आणि तिथून पुढं हिंदुस्थानात. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी आश्रम काढला, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. तिथली मुलं १९४६ मध्ये आपल्या वळिवड्यालाच आली.

माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट इथून सुरू होते. लढाई संपली, हिटलर मेला, आता घरी जायचं. पण घर राहिलं कुठं? याल्टाच्या वाटाघाटींनंतर यांच्या गावांची जमीन सोव्हिएत हद्दीत गेली होती. उरलेल्या पोलंडात मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार बसलं आणि १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटननं त्याला मान्यताही दिली. नवं वॉर्सा सरकार म्हणू लागलं, आमची माणसं परत द्या, अनाथ मुलं आधी द्या. ज्यांनी मुलांना देवाऐवजी स्टालिनकडं भाकरी मागायला लावली, त्यांच्याच हातात पुन्हा मुलं द्यायची? बालाचडीचे प्रमुख फादर प्लुता यांनी साफ नकार दिला. जामसाहेब, फादर प्लुता आणि एक इंग्रज अधिकारी यांनी मिळून या अनाथ मुलांना कायद्यानं दत्तक घेतलं, म्हणजे त्यांच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क सांगता येऊ नये. वॉर्साच्या नजरेत फादर प्लुता मुलं पळवणारे ठरले. कम्युनिस्ट सत्तेला कॅथॉलिकांनी केलेल्या विरोधाचा एक धागा असा थेट आपल्या मातीतून गेला आहे.

१९४७-४८ मध्ये छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला. काही जणी पोलंडला परतल्या, कारण तिथं नवरा होता, भाऊ होता, म्हातारी आई होती. माळवालीही परतली, असं आबा म्हणायचे. आजी म्हणायची, ती मुलीबरोबर आगबोटीनं दुसरीकडंच गेली. या एका मुद्द्यावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली आणि वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. आज तिथं कापडाच्या घाऊक दुकानांची गर्दी असते.

कोल्हापुरात आम्ही पोलंडवाल्यांची गोष्ट इथंच संपवतो. रेल्वे सुटली, रुमाल हलले, बायका रडल्या. आम्ही आसरा दिला, हे सांगून छाती फुगते, आणि ते बरोबरच आहे. पण आजी मला विचारायची, "त्येंचं फुडं काय झालं गं? त्येंच्या द्येवीचं काय झालं?" तेव्हा मला उत्तर देता येत नव्हतं. आता थोडंफार येतं.

पोलंडच्या नव्या राज्यकर्त्यांना एक गोष्ट लवकर उमगली. या देशात चर्चला कुलूप घातलं तर देश पेटेल. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला. चर्च राहू द्यायचं, पण त्याच्या किल्ल्या आपल्या कमरेला लावायच्या. १९५० मध्ये चर्चच्या 'कारितास' या सेवासंस्थेचा कारभार सरकारनं आपल्याकडं घेतला, मग चर्चच्या जमिनी घेतल्या. सरकारच्या बाजूनं बोलणाऱ्या पाद्र्यांना 'देशभक्त पाद्री' म्हणून पुढं केलं. बिशप मंडळींनी एप्रिल १९५० मध्ये सरकारशी करार करून पाहिला, निदान उपासना आणि धर्मशिक्षण तरी वाचावं म्हणून. पण ९ फेब्रुवारी १९५३ ला फर्मान निघालं की बिशपपासून खेड्यातल्या पाद्र्यापर्यंत कुठलीही नेमणूक सरकारच्या संमतीशिवाय होणार नाही, आणि प्रत्येकानं राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची. कोणता पाद्री कुठं, कोणाच्या पापाची कबुली कोण ऐकणार, हे आता पक्षाच्या कचेरीत ठरणार होतं.

तेव्हा पोलंडचे मुख्य धर्मगुरू होते कार्डिनल स्तेफान विशिन्स्की. खेड्यात वाढलेला, मोजकं बोलणारा माणूस. ८ मे १९५३ ला बिशपांनी क्राकूवहून सरकारला पत्र पाठवलं. देवाचं ते राजाच्या पायाशी ठेवता येणार नाही, आम्हाला ते शक्य नाही, असा त्याचा आशय. सप्टेंबरमध्ये बिशप काचमारेक यांना हेरगिरीच्या आरोपावरून बारा वर्षांची शिक्षा झाली. २५ सप्टेंबरच्या रात्री पोलीस विशिन्स्कींच्या दारात आले. अंगणात कुत्र्यानं एकाला चावा घेतला. घरच्यांनी कार्डिनलना घेऊन जायला आलेल्या त्या माणसाच्या जखमेवर औषध लावलं आणि मग कार्डिनल त्यांच्याबरोबर गेले. हे वाचलं तेव्हा मला आमची आजी आठवली. तिनंही तेच केलं असतं, आधी हळद आणि मग भांडण.

तीन वर्षं त्यांना एका मठातून दुसऱ्या मठात फिरवत नजरकैदेत ठेवलं. शेवटचा मुक्काम दक्षिणेकडच्या डोंगराळ कोमांच्यात, नन्सच्या मठात. तिथं बसून १९५६ च्या मे महिन्यात त्यांनी एक प्रतिज्ञा लिहिली. तीनशे वर्षांपूर्वी राजा यान काझिमेश यानं मारियेला पोलंडची राणी म्हटलं होतं, त्या नवसाची ती उजळणी. पण ती राजाची नव्हती, रयतेची होती. दारू सोडू, घर सांभाळू, पोटातलं मूल जपू, एकमेकांना धरून राहू, असा तिचा रोख. २६ ऑगस्ट १९५६ ला यास्ना गुराच्या माळावर सुमारे दहा लाख लोक जमले. कार्डिनल कैदेत, म्हणून त्यांची खुर्ची तशीच मांडली होती आणि त्यावर पांढरी-तांबडी फुलं ठेवली होती. बिशप क्लेपाच यांनी प्रतिज्ञा वाचली आणि त्या लोकांनी ती एकसुरात उच्चारली. त्याच ऑक्टोबरात सरकारमध्ये खळबळ झाली आणि विशिन्स्की वॉर्साला परतले.

रिकामी खुर्ची, रिकामं ताट. हे लोक जागा मोकळी ठेवून वाट बघण्यात पटाईत. पण त्यांच्या देवीचं काय झालं, त्याचं उत्तर याहूनही विलक्षण आहे.

सुटल्यावर कार्डिनलनी यास्ना गुराच्या प्रतिमेची एक प्रत तयार करवली आणि १९५७ पासून ती गावोगाव, एकेका पॅरिशमध्ये फिरायला निघाली. आपल्याकडं पालखी गावात येते तेव्हा सडा-रांगोळी, उंबऱ्याउंबऱ्याला ओवाळणं. तिकडंही हिरव्या कमानी, खिडक्यांत दिवे, वर्षानुवर्षं न बोललेले शेजारी त्या रात्री एकत्र. सरकारला हे खपेना. १९६६ साल पोलंडच्या ख्रिस्तीकरणाचं हजारावं. राज्यकर्त्यांनी स्वतःचा वेगळा सोहळा काढला आणि त्या सप्टेंबरात पोलिसांनी प्रतिमेची गाडी रस्त्यात अडवून ती यास्ना गुराला परत नेऊन ठेवली. मठातून बाहेर काढायची बंदी. बाहेर जाणाऱ्या गाड्यांची तपासणी. चित्र कैदेत!

लोकांनी काय केलं? चौकट घेतली. ज्या गावी प्रतिमा यायची होती, त्या गावी नुसती रिकामी चौकट निघाली, सोबत पेटती मेणबत्ती आणि शुभवर्तमानाचा ग्रंथ. तशाच कमानी, तसंच ओवाळणं, तसेच गुडघे टेकलेले. सहा वर्षं हे चाललं. आणि जे चित्र बघून लोक भारावायचे, त्याच्यापेक्षा ती रिकामी चौकट बघून जास्त रडायचे. शेवटी १९७२ च्या जूनमध्ये एका धाडसी पाद्रीबाबांनी दोन नन्सच्या मदतीनं पहाऱ्यातून प्रतिमा बाहेर काढली आणि रादोमला नेली. तिथं इतके लोक जमले की ती परत घ्यायची कुणाची छाती झाली नाही. आजी, तुझ्या काळ्या देवीचं असं झालं.

माझी भाची काही वर्षं क्राकूवला नोकरीला होती. तिच्याकडं गेले होते तेव्हा ती मला नोवा हुताला घेऊन गेली. क्राकूवला लागूनच १९४९ पासून उभं केलेलं हे पोलाद कारखान्याचं शहर. रुंद रस्ते, कामगारांच्या चाळी, शाळा, दवाखाने, सगळं आखलेलं. आराखड्यात चर्च तेवढं नाही. देव न लागणारी नवी माणसं इथं घडवायची होती. पण कामगार आले होते खेड्यांतून, आणि येताना आयांनी दिलेल्या तसबिरी ट्रंकेत घेऊनच. १९५७ मध्ये लोकांनी मागून मागून चर्चसाठी जागा मिळवली आणि तिथं एक लाकडी क्रूस उभा केला. मग सरकार फिरलं. २७ एप्रिल १९६० ला क्रूस उपटायला माणसं आली, तिथं शाळा बांधायची म्हणून.

भाचीच्या घरमालकीणबाई तिथल्याच. त्यांची आई त्या दिवशी बाजारातून येत होती, त्यांनी आम्हाला सांगितलं. आधी बायकाच धावल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात बाजाराची पिशवी. क्रूसाभोवती कडं करून त्या प्रार्थना म्हणू लागल्या. संध्याकाळी पाळी संपवून कारखान्यातले पुरुष आले आणि मग दंगल पेटली. अश्रुधूर, पाण्याचे फवारे, लाठ्या. रात्रभर धुमश्चक्री, शेकडो लोक पकडले गेले. पण क्रूस जागचा हलला नाही. "आईची पिशवी हरवली," बाई म्हणाल्या, "त्यात लोणी होतं. ती मरेपर्यंत ते लोणी आठवायची." मी मान हलवली. आमच्याकडंही मोठ्या गोष्टी अशाच लक्षात राहतात, हरवलेल्या लोण्यासकट.

नोवा हुतात नाताळच्या मध्यरात्री उघड्या माळावर मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, व्हायची, पायाखाली बर्फ. ती म्हणायला यायचे क्राकूवचे तरुण बिशप कारोल वोयतिवा. पुढं नोवा हुतातच दुसऱ्या जागी चर्चला परवानगी मिळाली आणि १९६७ च्या ऑक्टोबरात त्यांनीच तिथं पहिली कुदळ मारली. सरकारनं सामान दिलं नाही, यंत्रं दिली नाहीत. लोकांनी हातानं खणलं. भिंती मढवायला देशभरातल्या नद्यांतले गोटे आले, जवळजवळ वीस लाख, आणि ते एकेक करून बसवले. १५ मे १९७७ ला ते चर्च उघडलं. मी त्या भिंतीवरून हात फिरवला. एकेक गोटा कुणीतरी वाकून उचललेला.

पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १९७८ ला, तेच वोयतिवा पोप झाले. आमच्या मोठ्या काकांनी सोप्यात बसून पेपर मोठ्यानं वाचला, "पोलंडचा माणूस पोप झाला." आजी चुलीपुढून उठून बाहेर आली. "कॅम्पातला का रं?" काकांनी सांगितलं, नाही, हा तिकडंच राहिलेला. ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मग ह्येनंच त्येंची द्येवळं राखली असनार." त्या एका वाक्यात तिनं किती बरोबर सांगितलं होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

१९७९ च्या जूनमध्ये ते पोप म्हणून मायदेशी आले. नोवा हुताच्या चर्चमध्ये त्यांना जाऊ दिलं नाही. शेजारच्या मोगिवाच्या जुन्या मठाशी लाखो लोक आले. त्या दिवसांत लोकांनी एकमेकांना मोजलं आणि आपण किती आहोत हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. पुढच्याच वर्षी ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला, 'सॉलिडॅरिटी' ही कामगार संघटना उभी राहिली. गोदीच्या फाटकावर फुलं, पोपचं छायाचित्र आणि ती काळी मारिया. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला. वॉर्साचे तरुण फादर येझी पोपियेवुश्को दर महिन्याला मायदेशासाठी मिस्सा म्हणायचे, कामगार ऐकायला यायचे. १९ ऑक्टोबर १९८४ ला गुप्त पोलिसांनी त्यांना पळवून मारलं आणि विस्तुला नदीच्या जलाशयात फेकलं. त्याच साली मिएन्त्ने गावातल्या शाळकरी मुलामुलींनी वर्गातले क्रूस काढू नका म्हणून ठाण मांडलं होतं. १९८९ च्या जूनमध्ये निवडणुका झाल्या आणि ती राजवट गेली.

सगळेच पाद्री काही विशिन्स्की नव्हते. काहींनी सरकारशी जुळवून घेतलं, काहींनी गुप्त पोलिसांना खबरा दिल्या. ते कागद पुढं बाहेर आले आणि लोकांना फार लागलं. भीती सगळ्यांना असते, विकत घेता येणारी माणसंही सगळीकडं असतात. ज्या देशात बिशप कैदेत आणि काही पाद्री फितूर, तिथं धर्म टिकला कुणामुळं? माझं उत्तर आहे, माळवालीमुळं. शाळेतून धर्माचे तास १९६१ मध्ये काढले, तेव्हा मुलं घरांत, खळ्यांत, पॅरिशच्या खोल्यांत शिकली, कारण कुणा आईनं, आजीनं त्यांना तिथं पाठवलं. सरकारला बिशप अडवता आला, चित्र कोंडता आलं. कोबी निवडता निवडता ओढलेली माळ कुठल्या फर्मानानं थांबवणार? ती सैबेरियातून आली होती, वळिवड्याच्या उन्हात टिकली होती. आजी ज्यांच्याशी खुणांनी बोलली, त्या बायकांचं बळ तिनं आधीच पाहिलं होतं. त्याला राजकारण म्हणतात हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बहुधा त्या बायकांनाही नाही.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. वळिवड्यात वारलेल्या काही जणांच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. त्या दिवशी आमच्या घरच्या गटात सगळ्यांनी छायाचित्रं धाडली. मला आनंद झाला, आणि एक हुरहुरही वाटली. आपण त्यांना निवारा दिला हा गोष्टीचा पूर्वार्ध आपण नातवंडांना सांगतो. निवाऱ्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी आणि त्यांच्या भावंडांनी काय सोसलं, काय राखलं, हा उत्तरार्ध कुणी सांगत नाही. महावीर उद्यानात शाळेच्या सहली येतात. त्या मुलांना छावणीच्या बराकी जरूर सांगाव्यात, आणि त्यांच्यासमोर ती रिकामी चौकटही उभी करावी, जिच्यापुढं सहा वर्षं गावंच्या गावं गुडघे टेकत राहिली. आजीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं उशिरा आलं. पुढच्या नातवंडांना तरी ते वेळेवर मिळावं, म्हणून हे लिहिलं.